गिटार नसलेला ब्लूज: बॉबी ब्लँडच्या गाण्यातून समजून घेऊ सोल ब्लूज

ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं सुखदुःखाचं गाणं, म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गिटार घेऊन बसलेला माणूस येतो. एक ओळ गायची, थांबायचं, मग गिटारने उत्तर द्यायचं. बॉबी 'ब्लू' ब्लँडला (१९३०–२०१३) गिटार येत नव्हती. पियानो नाही, माउथ ऑर्गनही नाही. कुठलंच वाद्य न वाजवता हा माणूस साठ वर्षं ब्लूज गायला, आणि अमेरिकेत ज्याला 'सोल ब्लूज' म्हणतात त्या प्रकाराचा पाया ज्यांनी घातला त्यांत त्याचं नाव सगळ्यात आधी घेतात.

सोल ब्लूजची व्याख्या एका वाक्यात करता येते: विषय आणि सूर ब्लूजचे, गळा चर्चमधला, आणि मागचा वाद्यवृंद सोल संगीताचा (सोल म्हणजे चर्चच्या गाण्याचा ढंग घेतलेलं कृष्णवर्णीयांचं लोकप्रिय संगीत). पण या वाक्याने कळत काहीच नाही. हे तीन धागे एकत्र का आले, हे ब्लँडच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं की नीट उलगडतं. गायकाच्या हातात वाद्य नाही, म्हणजे उत्तर दुसऱ्या कोणीतरी द्यायला हवं. ते द्यायला माणसं लागतात, त्या माणसांना लिहून द्यावं लागतं, त्यांना पोसावं लागतं, पोसायला गावोगाव फिरावं लागतं, आणि हे सगळं जो चालवतो त्याच्या हातात गायकाची मान जाते. ब्लँडची कारकीर्द अशी एकातून एक निघत गेलेली आहे.

आधी अठ्ठेचाळीस मात्रांचा हिशेब

ब्लूजचा सगळ्यात रुळलेला साचा बारा खंडांचा. प्रत्येक खंडात चार मात्रा, म्हणजे एका आवर्तनात अठ्ठेचाळीस. या अठ्ठेचाळीस मात्रा तीन ओळींत वाटलेल्या असतात, प्रत्येक ओळीला सोळा. (मात्रा मोजायच्या तर त्रितालाचं एक आवर्तन म्हणा, ठेका अर्थातच वेगळा.) पहिली ओळ गाऱ्हाण्याची. दुसरी बहुधा तीच ओळ पुन्हा. तिसरी ओळ त्या गाऱ्हाण्याचा निकाल लावते किंवा त्यावर टोला मारते.

खालचे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले स्वरसमूह, तीनच. पहिल्या ओळीला षड्जाचा कॉर्ड चारही खंड. दुसऱ्या ओळीला दोन खंड मध्यमाचा, मग दोन खंड परत षड्जाचा. तिसऱ्या ओळीला एक खंड पंचमाचा, एक मध्यमाचा आणि शेवटचे दोन षड्जाचे. त्यातल्या अगदी शेवटच्या खंडात पुष्कळदा पंचम घेऊन पुढच्या आवर्तनाकडे वळतात. तिन्ही कॉर्डमध्ये कोमल निषाद मिसळलेला असतो, त्यामुळे ताण पूर्ण सुटला आहे असं वाटतच नाही. गायकाचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी लागतो. पियानोच्या पट्ट्यांवर तो सूर नाही, गळ्यातच आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. ओळ सोळा मात्रांची असली तरी शब्द साधारण आठ-दहा मात्रांत संपतात. उरलेल्या सहा-आठ मात्रा मोकळ्या. ब्लूजचा जीव या मोकळ्या जागेत असतो. ब्लूजचा नामांकित गायक-गिटारवादक बी. बी. किंग तिथे आपल्या 'ल्यूसिल' नावाच्या गिटारला बोलायला लावायचा. ब्लँडकडे ल्यूसिल नव्हती. त्याच्याकडे ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोनवाले होते. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी उभे असतात तसेच हे उभे. फरक एवढाच की झीलकरी शाहिराचीच ओळ उचलून धरतात, आणि इथे ट्रम्पेट गायकाची ओळ न उचलता त्याला उत्तर देतात. कधी हुंकार, कधी समजूत, तर कधी सरळ टोमणा.

गडबड इथेच होते. एकटा गिटारवाला त्या सहा मात्रांत मनाला येईल ते वाजवू शकतो. पाच-सहा फुंकवाद्यं मनाला येईल ते वाजवू लागली तर त्याचा गोंगाट होतो. म्हणून कुणीतरी आधी बसून ठरवावं लागतं: कोण, कधी, कुठल्या सुरावर, किती लांब. ब्लँडच्या बाबतीत तो माणूस होता जो स्कॉट.

जो स्कॉट काय करायचा

स्कॉट ट्रम्पेट वाजवायचा, ब्लँडचा बँड चालवायचा आणि गाण्यांची वाद्यरचना लिहायचा. ब्लँड लहानपणी तिसरीतच शाळा सोडून कापसाच्या शेतात कामाला गेलेला. त्याला धड लिहिता-वाचता कधी आलं नाही. गाणं तो कानानेच शिकायचा, आणि कुठला शब्द ओढायचा, कुठे श्वास घ्यायचा, ओळ कुठे तोडायची हे स्कॉट त्याच्याकडून बसवून घ्यायचा. ब्लँडच्या रेकॉर्डवर शब्द जितके स्वच्छ ऐकू येतात तितके त्या काळातल्या थोड्याच ब्लूज गायकांचे येतात, ते उगीच नाही.

अशा रचनेचं तंत्र मोठं मजेशीर आहे. ब्लँडचा आवाज भारदस्त, खालच्या पट्टीतला. टेनर सॅक्सोफोन नेमका त्याच पट्टीत बोलतो. गायक शब्द म्हणत असताना टेनर मोठ्याने वाजला की शब्द बुडाले म्हणून समजा. त्यामुळे शब्द चालू असताना सॅक्सोफोन एक लांब सूर दबक्या आवाजात धरून ठेवतात, आणि ट्रम्पेट एकतर गप्प असतात किंवा गायकाच्या बऱ्याच वर. शब्द संपला की ट्रम्पेटचा दोन-तीन सुरांचा फटकारा येतो. ट्रॉम्बोन खालून जमीन देतो. पहिल्या आवर्तनात सगळं वाजवून टाकलं तर तिसऱ्या आवर्तनात वाढवायला काही उरत नाही. म्हणून सुरुवात राखून करायची, दुसऱ्या फेरीत फटकारे, आणि गाणं टोकाला जाताना सगळे मिळून. अडीच-तीन मिनिटांत, कारण सात इंची, मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूसाठी तेवढीच लांबी रुळलेली होती, आणि ज्यूकबॉक्सवाल्यालाही (ज्यूकबॉक्स म्हणजे नाणं टाकलं की गाणं वाजवणारं यंत्र) लांब गाणं परवडत नसे.

१९६१ चं 'टर्न ऑन युअर लव्ह लाइट' ऐकताना हे कानाला सहज कळतं. इथे बारा खंडांचा साचा नाहीच. चर्चमधल्या भजनासारखे दोन कॉर्ड आलटून पालटून चालतात, आणि गती भरधाव. मग मध्येच सगळी फुंकवाद्यं थांबतात. उरतो फक्त ताल आणि ब्लँडचा आवाज. तिथून तो पायरी पायरीने आवाज चढवत नेतो आणि वाद्यं एकदम परत कोसळतात. हा ताल धरणारा ड्रमर जॉन 'जॅबो' स्टार्क्स. तो पुढे गायक जेम्स ब्राउनच्या बँडमध्ये गेला आणि फंक या तालप्रधान, नाचायला लावणाऱ्या संगीताच्या पायाभरणीत त्याचं नाव घेतात. ब्लूजच्या बँडमधून फंककडे जाणारी वाट ही अशी माणसांतून गेलेली आहे.

गळा कुठून आला

ब्लँडचा जन्म २७ जानेवारी १९३० चा, टेनेसी राज्यात मेम्फिसच्या उत्तरेला असलेल्या रोझमार्कजवळच्या शेतवस्तीतला. जन्मनाव रॉबर्ट कॅल्विन ब्रुक्स. ब्लँड हे आडनाव सावत्र वडिलांकडून आलं. १९४७ मध्ये आईबरोबर तो मेम्फिसला आला. तिथे आधी एका गॉस्पेल (चर्चमधल्या भक्तिगीतांच्या) गटात गायला, मग बील स्ट्रीटवर. ही रस्त्याभरची कृष्णवर्णीयांची दुकानं, थिएटरं, दारूचे गुत्ते. याच रस्त्यावरच्या तरुण पोरांचं एक सैलसर टोळकं 'बील स्ट्रीटर्स' म्हणून ओळखलं गेलं: बी. बी. किंग, जॉनी एस, रॉस्को गॉर्डन, अर्ल फॉरेस्ट आणि ब्लँड. पुढे प्रत्येकाने स्वतःचं नाव केलं. ब्लँड त्यांच्यात सगळ्यात मागे राहिलेला. गाण्याची संधी मिळावी म्हणून तो इतरांच्या गाड्या चालवायचा, कपडे सांभाळायचा.

त्याच्या गळ्यात दोन परस्परविरोधी गोष्टी आहेत. एक म्हणजे मऊपणा. नॅट किंग कोल, टोनी बेनेट, पेरी कोमो हे त्याचे आवडते गायक, म्हणजे मायक्रोफोनच्या अगदी जवळ जाऊन कानात सांगितल्यासारखं गाणारे. ब्लँडच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड ऐका. तिथे तो बी. बी. किंगसारखं ओरडायचा प्रयत्न करताना सापडतो आणि ते काही खरं वाटत नाही. आवाज सापडला तो जोर कमी केल्यावर.

दुसरी गोष्ट चर्चची. डेट्रॉइटचे रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन (अरीथा फ्रँकलिनचे वडील) यांची प्रवचनं त्या काळी तबकड्यांवर निघत आणि घरोघर ऐकली जात. त्या परंपरेतला प्रवचनकार साध्या बोलण्याने सुरुवात करतो, हळूहळू बोलण्याला लय येते, मग सूर येतो, आणि शेवटी आवाज फाटून ओरखडा उमटतो. कीर्तनात निरूपण रंगत जाऊन बुवा गद्यातून कधी सुरात शिरले ते कळत नाही, तसंच. ब्लँडने फ्रँकलिन यांचं गरुडावरचं प्रसिद्ध प्रवचन पुन्हा पुन्हा ऐकलं आणि तो शेवटचा ओरखडा उचलला. त्यालाच त्याचे चाहते 'स्क्वॉल' म्हणतात: ओळीच्या शेवटी घशातून येणारी, खाकरणं आणि हंबरणं यांच्या मधली एक आरोळी. १९५८ च्या 'लिटल बॉय ब्लू'पासून ती ठळक ऐकू येते.

हा आवाज निघतो कसा? नेहमीच्या स्वरतंतूंच्या वर आणखी दोन मांसल घड्या असतात. एरवी त्या बाजूला राहतात. घसा आवळून, खालून हवेचा जोर देऊन गायलं की त्याही थरथरतात आणि सुरात खरखर मिसळते. धोका उघड आहे. सारखं केलं तर घसा सुजतो आणि दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाला मऊ आवाज लागत नाही. शिवाय सतत खरखर ऐकून श्रोत्याचेही कान बधिर होतात. ब्लँड ती एका गाण्यात मोजक्या वेळा वापरतो, आणि तीही मऊ ओळीनंतर. मायक्रोफोनचंही तसंच: कुजबुजताना ओठ जवळ, आरोळीला मान मागे. त्या काळातल्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज मागाहून कमी-जास्त करायला फारसा वाव नव्हता. अंतर गायकालाच सांभाळावं लागे.

अर्ध्या सेंटचा करार

१९५१-५२ मध्ये ब्लँडने मेम्फिसमध्ये चेस आणि मॉडर्न या कंपन्यांसाठी काही गाणी रेकॉर्ड केली. ती चालली नाहीत. १९५२ मध्ये तो 'ड्यूक' या नव्या स्थानिक कंपनीकडे आला. ती सुरू केली होती डब्ल्यूडीआयए या रेडिओ स्टेशनवरच्या डेव्हिड जेम्स मॅटिस यांनी. लगेच ब्लँडला सैन्यात जावं लागलं. तो परतेपर्यंत कंपनी ह्यूस्टनच्या डॉन रोबी यांच्या हातात गेली होती. रोबी हे कृष्णवर्णीय उद्योजक. त्यांची 'पीकॉक' ही कंपनी आधीपासून होती, शिवाय नाइटक्लब चालवलेला, आणि एव्हलिन जॉन्सन सांभाळत असलेली बफेलो बुकिंग एजन्सीही. म्हणजे रेकॉर्ड काढायची, गाण्याचे हक्क ठेवायचे आणि गायकाचे दौरे ठरवायचे, सगळं एका छपराखाली.

रोबी यांनी ब्लँडपुढे नवा करार ठेवला. ब्लँडला तो वाचता येत नव्हता. विकल्या गेलेल्या प्रत्येक रेकॉर्डमागे गायकाला अर्धा सेंट, असं त्यात होतं. त्या काळी धंद्यात रुळलेला दर दोन सेंटचा.

आकडा मांडून बघू. एक लाख तबकड्या विकल्या तर दोन सेंटने २,००० डॉलर, अर्ध्या सेंटने ५००. त्यातून रेकॉर्डिंगचा खर्च आणि दिलेली उचल वळती करून घ्यायची पद्धत होतीच. आता त्याच तबकडीवरच्या गाण्याच्या हक्काचा हिशेब पाहा. १९०९ च्या अमेरिकन कायद्याने प्रत्येक प्रतीमागे दर गाण्याला दोन सेंट ठरवले होते, म्हणजे एक लाख प्रतींवर २,०००. हे पैसे साधारणपणे प्रकाशक आणि गीतकार यांच्यात निम्मे वाटले जातात. रोबी स्वतःच प्रकाशक होते. गीतकारांकडून ते गाणी थोडक्या रोख रकमेला कायमची विकत घेत आणि तबकडीवर 'डेड्रिक मलोन' हे नाव घालत. हे त्यांचंच टोपणनाव. 'आय पिटी द फूल'वर ते एकटं आहे, 'टर्न ऑन युअर लव्ह लाइट'वर जो स्कॉटच्या जोडीने.

मग ब्लँड १९७३ पर्यंत तिथेच का थांबला? भोळेपणा हे अर्धंच उत्तर. रेकॉर्डमधून पोट भरेल अशी अपेक्षा त्या वर्गातल्या गायकांची नव्हतीच. रेकॉर्ड ही जाहिरात; पैसा कार्यक्रमात. आणि कार्यक्रम, बँड, गाडी, स्कॉटसारखा रचनाकार हे सगळं रोबींच्या यंत्रणेतून येत होतं. गिटार घेऊन एकटा निघू शकणाऱ्या गायकाला मालकाशी भांडता येतं. ज्याला गायला उभं राहण्यासाठीच दहा माणसं लागतात, तो भांडणार कशाच्या जोरावर?

रस्ता

१९५६ पासून ब्लँड ज्युनिअर पार्कर या ब्लूज गायकाबरोबर 'ब्लूज कन्सॉलिडेटेड' या नावाने फिरू लागला. सुरुवातीला त्यातही तो पार्करच्या आधी गाणारा, आणि वर गाडीचा चालक व पार्करचा सेवकही. १९५७ मध्ये 'फार्दर अप द रोड' आर अँड बी यादीत (रिदम अँड ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय श्रोत्यांमध्ये चाललेल्या गाण्यांची क्रमवारी) पहिलं आलं, तरी ही जोडी १९६१ पर्यंत चालली.

या दौऱ्यांच्या मार्गाला 'चिटलिन सर्किट' म्हणत. चिटलिन म्हणजे डुकराची आतडी. आपल्याकडच्या वजडीसारखं, गरिबाच्या ताटातलं आणि चवीने खाल्लं जाणारं. वंशभेदाच्या कायद्यांमुळे कृष्णवर्णीय कलाकारांना जे क्लब, हॉल आणि थिएटर उघडे होते त्यांची ही साखळी, मुख्यतः दक्षिणेकडची. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापर्यंत महामार्गावरचं बरंचसं हॉटेल त्यांना खोली देत नसे. रात्री दोनला कार्यक्रम संपला की कृष्णवर्णीय वस्तीतल्या एखाद्या खाणावळीत किंवा कुणाच्या घरी झोपायचं, नाहीतर सरळ पुढच्या गावाला गाडी हाकायची. ब्लँडच्या वर्षातल्या बहुतेक रात्री अशा रस्त्यावर गेल्या.

याच ठिकाणी सोल ब्लूजचा श्रोता घडला. कामावरून आलेली, ठेवणीतले कपडे घातलेली, संसारात मुरलेली प्रौढ माणसं. पुढच्या टेबलांवर बहुधा बायका. म्हणून या गाण्यांचे विषय पोरवयातल्या प्रेमाचे नाहीत: नवरा-बायको, तिसरं माणूस, माफी मागणं, एकटं पडणं. ब्लँडची भूमिका त्यात बढाईखोराची क्वचितच असते. बहुतेक गाण्यांत तो विनवण्या करतो.

याद्यांमधलं एक भगदाड

ब्लँडची तीन गाणी बिलबोर्ड या अमेरिकन संगीत नियतकालिकाच्या आर अँड बी यादीत पहिली आली: 'फार्दर अप द रोड' (१९५७), 'आय पिटी द फूल' (१९६१), 'दॅट्स द वे लव्ह इज' (१९६३). गोऱ्या श्रोत्यांच्या म्हणजे पॉप यादीत मात्र तो विसाव्या क्रमांकाच्या वर कधीच गेला नाही. तो विसावा क्रमांक १९६४ च्या 'एन्ट नथिंग यू कॅन डू'चा.

आता हे गाणं आर अँड बी यादीत कितवं होतं? शोधायला गेलात तर बिलबोर्डची यादीच सापडत नाही. १९६३ च्या नोव्हेंबरअखेरीपासून जानेवारी १९६५ पर्यंत बिलबोर्डने आर अँड बी यादी छापणंच बंद केलं होतं. दोन्ही याद्यांवर तीच गाणी दिसतात मग वेगळी कशाला, असा विचार असावा. ब्लँडसारख्या गायकासाठी हा हिशेब साफ चुकीचा होता, आणि नेमके त्याच्या भरातले चौदा महिने कागदावरून पुसले गेले. याद्यांवरून गायकाचं मोठेपण मोजणाऱ्यांनी हे भगदाड लक्षात ठेवावं.

पडता काळ आणि जॅक्सनचा आडोसा

१९६८ मध्ये जो स्कॉट बाजूला झाला, बँड मोडला, ब्लँडचं पिणं वाढलेलं होतं. १९७१ च्या सुमारास त्याने दारू सोडली. १९७३ मध्ये रोबींनी ड्यूक एबीसी या मोठ्या कंपनीला विकली. लॉस एंजेलिसच्या निर्माता स्टीव्ह बॅरी यांनी ब्लँडला नव्या वाद्यवृंदात बसवलं, आणि १९७४ च्या 'ड्रीमर' अल्बममधून 'एन्ट नो लव्ह इन द हार्ट ऑफ द सिटी' आलं. आर अँड बी यादीत नववं, पॉप यादीत एक्क्याण्णवावं. इथे बारा खंड नाहीत, स्क्वॉल फारसा नाही. आहे तो उदास चालणारा बेस आणि त्यावर थकलेला, समजूतदार आवाज. ब्लँडचं एकच गाणं ऐकायचं असेल तर मी हे सांगणार नाही, पण सगळ्यात लांब गेलेलं हेच. त्याच वर्षी बी. बी. किंगबरोबरचा थेट कार्यक्रमाचा दुहेरी अल्बमही निघाला. एकेकाळी ज्याचे कपडे सांभाळले त्याच्या शेजारी, बरोबरीने.

मग डिस्को आलं आणि मोठ्या कंपन्यांचा ब्लूजमधला रस संपला. इथे मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराची 'मलाको' ही कंपनी महत्त्वाची. १९८२ मध्ये त्यांनी झी. झी. हिल या गायकाचा 'डाउन होम' हा अल्बम काढला, आणि तो कृष्णवर्णीय अल्बमांच्या यादीत जवळपास दोन वर्षं टिकला. मोठ्या शहरांनी टाकून दिलेला दक्षिणेतला प्रौढ श्रोता अजून रेकॉर्ड विकत घेतो, हे त्यातून दिसलं. मलाकोचं गणित साधं होतं: कमी खर्च, स्वतःचा स्टुडिओ, दक्षिणेतली छोटी रेडिओ स्टेशनं, आणि ज्यांना मोठ्या कंपन्यांनी सोडलं ते पक्के गायक. जॉनी टेलर, डेनिस लसाल, लिटल मिल्टन, लॅटिमोर असे एकेक जमत गेले. १९८५ मध्ये ब्लँडही आला. 'मेंबर्स ओन्ली' हे तिथलं त्याचं पहिलं नावाजलेलं गाणं. सोल ब्लूज ही वेगळी पाटी बाजारात रुळली ती मुख्यतः याच काळात.

एक तक्रार करायलाच हवी. पुढे या प्रकारातल्या पुष्कळ रेकॉर्डवर ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या जागी कीबोर्डवर दाबलेला ट्रम्पेटसारखा आवाज आला. पैसे वाचले, पण कीबोर्ड श्वास घेत नाही. सहा माणसांना एकत्र श्वास घेऊन फुंकायला जो पाव मात्रेचा उशीर लागतो, तोच त्या उत्तरात ओढ आणायचा.

ऐकायचं कसं

सुरुवात 'टू स्टेप्स फ्रॉम द ब्लूज' या १९६१ च्या अल्बमपासून करावी. हा सलग बसून केलेला अल्बम नाही. आधीच्या काही वर्षांतली सुटी गाणी त्यात एकत्र केली आहेत, तरी एकसंध वाटतो. पहिल्यांदा ऐकताना गायकाकडे लक्ष देऊ नका. 'आय पिटी द फूल' लावा आणि फक्त ओळ संपल्यानंतरच्या जागा ऐका: ट्रम्पेट कधी येतात, किती वेळ थांबतात. दुसऱ्यांदा ब्लँडचा श्वास ऐका. तिसऱ्यांदा पूर्ण गाणं.

मग १९६२ चं 'स्टॉर्मी मंडे'. हे मूळ ब्लूज गायक-गिटारवादक टी-बोन वॉकरचं, १९४७ मधलं. इथे बारा खंड अगदी हळू चालतात, बोटांवर मोजता येतील असे. फुंकवाद्यं जवळपास गप्प आणि वेन बेनेटची गिटार पुढे. वर सांगितलेले तीन कॉर्ड मोजत गेलात तर सातव्या-आठव्या खंडात गोंधळाल. तिथे नुसता षड्ज धरून न बसता कॉर्ड एकेक पायरी चढून परत उतरतात. ऐकणाऱ्याला जिना चढून उतरल्यासारखं वाटतं. ऑलमन ब्रदर्ससारख्या पुढच्या रॉक बँडनी हे गाणं वाजवलं ते याच वळणाने.

त्यानंतर 'आय'ल टेक केअर ऑफ यू'. इथे आवाजाचा जोर शेवटपर्यंत राखलेला आहे, आणि ओरडण्यापेक्षा न ओरडणं किती अवघड आहे ते कळतं.

आता पैसे कुणाला मिळतात

ब्लँड २३ जून २०१३ ला मेम्फिसलगतच्या जर्मनटाउनमध्ये वारला, वयाच्या ८३ व्या वर्षी. त्याआधी १९९२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम, १९९७ मध्ये ग्रॅमीचा जीवनगौरव मिळालेला. त्याची गाणी तोवर पुष्कळांनी गायली होती. 'शेअर युअर लव्ह विथ मी' तर अरीथा फ्रँकलिनने गाऊन ग्रॅमी मिळवली. वडिलांची आरोळी ज्याने उचलली त्याचं गाणं मुलीने उचललं.

पण दुसऱ्याने गाणं गायलं की पैसे गीतकार-संगीतकाराला आणि प्रकाशकाला जातात, आधीच्या गायकाला नाही. ब्लँड गीतकार नव्हता. अमेरिकेत साध्या रेडिओवर रेकॉर्ड वाजली तरी मानधन गाणं लिहिणाऱ्यालाच मिळतं, गाणाऱ्याला नाही. ज्यूकबॉक्सचं तर १९७८ पर्यंत लिहिणाऱ्यालाही काही मिळत नसे. दुसऱ्याच्या गाण्यातून गायकाला वाटा मिळायची शक्यता येते ती त्याचं प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण कुणी तुकडा म्हणून वापरलं तर, आणि तोही त्याचा कंपनीशी करार काय म्हणतो त्यावर.

दोन उदाहरणांत हा फरक लख्ख दिसतो. रॅपर ड्रेक आणि गायिका रिहाना यांचं २०११ चं 'टेक केअर' हे 'आय'ल टेक केअर ऑफ यू'वरून आलेलं. पण त्यातला तुकडा गिल स्कॉट-हेरन या गायक-कवीच्या आवाजाचा आहे आणि गाणं लिहिलेलं ब्रूक बेंटन या गायक-गीतकाराचं. त्यात ब्लँडचा आवाज शोधू नका, तो तिथे नाही. २००१ मध्ये रॅपर जे-झीसाठी निर्माता कान्ये वेस्टने बांधलेल्या 'हार्ट ऑफ द सिटी'त मात्र १९७४ ची ती रेकॉर्डच कापून लावली आहे. जे-झी आपली ओळ संपवतो, आणि मोकळ्या जागेत उत्तर द्यायला येतो तो बॉबी ब्लँड.